तार कुठून येते: खानापूर–जांबोटी पट्ट्यातल्या घरगुती इंटरनेटच्या नोंदी

४ मे २०२५

वाचनालयाच्या बैठकीत बारावीच्या मुलांसाठी पुस्तकं घ्यायचा विषय होता, तो नेहमीप्रमाणे इंटरनेटवर येऊन थांबला. त्यातून जुनं भांडण वर आलं. वरच्या गल्लीत दोन घरं आहेत, कुंपणाला कुंपण लागलेली. एका घरात टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड फार पूर्वी आलं. शेजारच्यांनी अर्ज केला तर त्यावर ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ असा शेरा बसला. गावानं त्याचा एकच अर्थ लावला: वशिला. आजही दोन्ही घरांत पोरांच्या लग्नापुरतंच बोलणं आहे.

काम असं ठरलं. कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या या पट्ट्यातली जवळजवळची तीन गावं आणि त्यांच्या वाड्या घ्यायच्या, आणि प्रत्येक घराला टेलिफोनची तार कुठून येते, किंवा यायची, त्याचा नकाशा करायचा. मास्तर म्हणाले, आता फायबर येणार, मग जुन्या तांब्याचा नकाशा कशाला? माझं मत वेगळं आहे. फायबरही त्याच एक्सचेंजच्या इमारतीतून निघणार, त्याच रस्त्याच्या कडेनं येणार आणि त्याच नाल्यापाशी अडणार. तांबं जिथं पोचलं नाही तिथं ते का पोचलं नाही हे कळलं, तर पुढची अडचण आधीच दिसेल.

नोंदींत लोकांच्या घरांचा उल्लेख येणार म्हणून गावांची नावं घालत नाही. एक्सचेंजचं गाव, मधलं गाव आणि रानाकडचं गाव, एवढं पुरे.

९ मे

आप्पांकडे गेलो. आयुष्यभर लाइनमन होते, आता भातशेती बघतात. आधी म्हणाले, ‘कशाला रे उकरतोस आता ते?’ मग चहा झाला आणि वहीच्या मागच्या पानावर स्वतःच काढायला बसले.

एक्सचेंजमध्ये एमडीएफ, म्हणजे मुख्य फ्रेम. तिच्यावर प्रत्येक नंबराची जोडी बसवलेली. तिथून जाड केबल जमिनीखालून पिलरपर्यंत. पिलर म्हणजे रस्त्याकडेची ती हिरवट-करडी पत्र्याची पेटी, जिच्यावर आपण निवडणुकीची पत्रकं चिकटवतो. पिलरमध्ये जंपर, म्हणजे जोडतार, मारून पुढची बारकी केबल, ती डीपीपर्यंत. डीपी म्हणजे खांबावरची डबी. डबीतून घरापर्यंत ड्रॉप वायर आणि भिंतीवर रोझेट, म्हणजे फोन जोडायची डबी. या साखळीत एका घरासाठी तांब्याच्या दोन तारा, म्हणजे एक जोडी, सलग मोकळी असावी लागते. मधे एका ठिकाणी जोडी संपली की डीपी तुमच्या अंगणात असला तरी उपयोग नाही.

‘तार हाय, खरं जोडी नाही, असं किती जणांना सांगितलो असेन,’ आप्पा म्हणाले. ‘लोकांना वाटायचं मी पैसे मागतोय.’

जोड्या ओळखायला केबलमधल्या तारांना रंग असतात, त्यांचा क्रम आप्पांना अजून तोंडपाठ आहे. पांढरा, तांबडा, काळा, पिवळा, जांभळा हे एका बाजूचे पाच. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी हे दुसऱ्या बाजूचे पाच. पाचांच्या पाचांशी जोड्या लावल्या की पंचवीस. पांढरा-निळा पहिली जोडी, जांभळा-राखाडी पंचविसावी. मोठ्या केबलमध्ये पुन्हा तेच गठ्ठ्यागठ्ठ्यांनी. त्यांच्या नातीनं ऐकून ऐकून पाठ केलं, जाताना मला म्हणून दाखवलं.

१४ मे

टेलिफोन कंपनीच्या तालुक्याच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला. डीपी किंवा पिलर आम्ही उघडायचा नाही, तंत्रज्ञ आला की त्यानंच उघडायचा, आम्ही फक्त आकडे लिहून घ्यायचे. तारेवर एक्सचेंजच्या बॅटरीचे ४८ व्होल्ट असतात, रिंग वाजते तेव्हा त्याहून बरंच जास्त. शिवाय दुसऱ्याच्या मालमत्तेला हात लावून पुढे नाव खराब करून घ्यायचं नाही. मोजणीला येणाऱ्या पोरांना हे दोनदा सांगितलं.

१९ मे

आज वरच्या गल्लीतली ती दोन घरं मोजली. पद्धत साधी आहे. जोडी एक्सचेंजच्या टोकाला सोडवायची, घराच्या टोकाला दोन्ही तारा एकमेकींना जोडायच्या आणि एक्सचेंजमधून ओहम मोजायचे. अर्धा मिलिमीटर जाडीची तांब्याची तार असेल तर जाऊन-येऊन किलोमीटरला साधारण १७५ ओहम भरतात. ०.४ मिलिमीटरची असेल तर पावणेतीनशेच्या आसपास. उन्हाळ्यात थोडे जास्तच, कारण तांबं तापलं की रोध वाढतो.

ब्रॉडबँडवाल्या घराची जोडी भरली सव्वातीनशे ओहमच्या आत. केबल जुनी, जाड तारेची. म्हणजे पावणेदोन-दोन किलोमीटर. शेजारच्या घराची जोडी भरली अकराशेच्या वर आणि तार बारीक. चार किलोमीटरपेक्षा जास्त! एक्सचेंजची इमारत मात्र दोन्ही घरांच्या गच्चीवरून दिसते.

आप्पांनी उलगडा केला. पहिल्या घरानं फोन घेतला तेव्हा गल्लीतल्या डीपीत जोड्या शिल्लक होत्या. शेजाऱ्यांनी काही वर्षांनी घेतला तोपर्यंत तो डीपी भरला होता. त्याच वेळी मधल्या गावाच्या पिलरवरून नवी बारीक केबल टाकली होती, तिचा शेवटचा डीपी या गल्लीच्या मागच्या खांबावर होता. म्हणून शेजाऱ्यांची जोडी एक्सचेंजमधून आधी मधल्या गावाला जाते आणि तिथून उलटी फिरून परत येते. फोनला काही फरक पडला नाही. बोलण्याला ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा लागतो, तेवढा चार किलोमीटर आरामात जातो. एडीएसएलचं, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडचं, काम मात्र २५ किलोहर्ट्झच्या वर सुरू होतं आणि १,१०० किलोहर्ट्झपर्यंत जातं, त्याची पुढची आवृत्ती एडीएसएल२+ असेल तर २,२०० पर्यंत. जितकी वारंवारता वर, तितकी ती तांब्यात लवकर विरते. एडीएसएल२+चा २४ एमबीपीएस हा आकडा एक्सचेंजला खेटून असलेल्या घराचा आहे. दोन-तीन किलोमीटरनंतर वरचा अर्धा पट्टा मेलेलाच असतो आणि पाच किलोमीटरच्या पुढे मोडेमचा दिवा लुकलुकत राहतो, स्थिर होत नाही.

म्हणजे शेरा खरा होता. पण तो ज्या कागदावर मारला त्यावर ‘तुमची तार मधल्या गावावरून येते’ एवढी एक ओळ लिहिली असती, तर दोन घरं एवढी वर्षं एकमेकांकडे पाठ करून बसली नसती.

मात्र सगळं श्रेय तारेलाही देऊन चालणार नाही. जाड केबलमधल्या शेवटच्या मोकळ्या जोड्या ज्यांना मिळाल्या त्यात कोण आधी कचेरीत पोचलं, कोणाची ओळख होती, याचा वाटा असणारच. आप्पा यावर हसले, बोलले नाहीत.

२० मे

काल संध्याकाळी दोन्ही घरांच्या थोरल्यांना आकडे दाखवले. शेजारचे काका बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे आमचा फोन रोज फिरून येत हुता काय?’ एवढंच.

२७ मे

मधलं गाव. इथं जुनं छोटं एक्सचेंज आहे, खोली एवढीशी. त्याच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या वैनींची तक्रार अशी, की इतक्या जवळ राहून आम्हाला तारेवरचं नेट कधीच मिळालं नाही, आणि एक्सचेंजच्या गावात लांबच्या लांब लोकांना मिळालं. रास्त आहे.

कारण वेगळंच आहे. तार जवळ असून भागत नाही. एक्सचेंजमध्ये डीएसलॅम नावाचं यंत्र हवं, जे प्रत्येक जोडीवर इंटरनेटचे सिग्नल चढवतं. त्याचे पोर्ट, म्हणजे जोडण्याच्या जागा, मोजके असतात. आणि त्या यंत्राला मागून जाड वाट हवी. अशी छोटी एक्सचेंजं मोठ्या एक्सचेंजला ज्या वाटेनं जोडत, तिचं माप बहुधा ई-वन असे: २ एमबीपीएस, म्हणजे एका वेळी तीस संभाषणं. गावाच्या फोनला ते भरपूर. पण तेवढ्याच वाटेवर तीस घरांचं ब्रॉडबँड चढवा, मग बघा. ज्या गावात फायबर आधी पोचलं तिथं डीएसलॅम आधी बसला. वैनींच्या भिंतीपलीकडे फोनचं यंत्र होतं, इंटरनेटचं नव्हतं.

जाता जाता एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण आपल्याच जिल्ह्यातली आहे आणि आपल्याच पोरांना माहीत नाही. सी-डॉट ही संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली. तिनं भारतातल्या खेड्यांसाठी १२८ पोर्टांचं ग्रामीण स्वयंचलित एक्सचेंज तयार केलं. धूळ आणि उकाडा सहन करणारं, वातानुकूलन न लागणारं. त्यातलं पहिलं जुलै १९८६ मध्ये कित्तूरला बसलं. राणी चन्नम्मांच्या कित्तूरला, बेळगाव–धारवाड रस्त्यावर. पुढे देशभर जी हजारो खेडी फोननं जोडली गेली ती याच घराण्याच्या यंत्रांनी. आपल्याकडं फोन आला तो असा, बोलण्याच्या मापानं आला. इंटरनेटचं माप नंतर निघालं.

२ जून

नकाशात एक विचित्र गोष्ट दिसते. काही घरांकडे ०८३३६ चा, म्हणजे खानापूरच्या कोडचा, लँडलाइन नंबर होता, जुन्या डायरीत लिहिलेला सापडतो, पण घराला तारच नाही. रोझेट नाही, भोक नाही. पोरं गोंधळली. मला आठवलं: डब्ल्यूएलएल, म्हणजे बिनतारी लँडलाइन. टेबलावर ठेवायचा फोन, त्याला छोटी अँटेना आणि बॅटरी. लांबच्या वस्त्यांना केबल ओढणं परवडत नव्हतं म्हणून रेडिओवरून नंबर दिले. त्या घरांना फोन मिळाला याचा आनंद झाला, पण ‘लँडलाइन आहे म्हणजे ब्रॉडबँड मिळेल’ हा हिशेब तिथं लागू पडला नाही. कचेरीच्या यादीत मात्र फोन म्हणून नोंद.

या घरांना नकाशात वेगळा रंग दिला, कारण फायबरवाला उद्या ‘जुन्या जोडण्या’ची यादी मागेल तेव्हा त्यांच्या दारात खांब आहे असं धरून चालेल.

८ जून

मास्तरांनी व्याख्येचा मुद्दा काढला, चांगला आहे. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस. २०१३ मध्ये ते ५१२ झालं, २०२३ मध्ये २ एमबीपीएस. आमच्या नकाशात साडेचार किलोमीटरच्या तारेवर एक घर आहे, त्याला चांगल्या हवेत दीड एमबीपीएस मिळायचं. पहिल्या दोन व्याख्यांत ते ब्रॉडबँडवालं घर होतं. तार तीच, मोडेम तोच, तिसऱ्या व्याख्येत ते बाहेर. आकडेवारीत गाव मागं गेलं, प्रत्यक्षात हललंच नाही.

१७ जून

पाऊस लागला. कणकुंबीकडून येणारे ढग आमच्या अंगणात रिकामे होतात, त्यामुळे आता आकड्यांचा खरा हंगाम सुरू.

केबलमध्ये जेली भरलेली असते, पाणी शिरू नये म्हणून. पण सांधा जिथं केला तिथं जेली पुसलेली असते आणि आपल्याकडे सांधे काही कमी नाहीत. पाणी शिरलं की दोन तारांत गळती सुरू होते. फोनवर खरखर येते, लोक दोन दिवस कानाला हात लावून बोलतात आणि चालवून घेतात. ब्रॉडबँड चालवून घेत नाही. दर थोड्या वेळानं तुटतं, पुन्हा जोडतं, आणि प्रत्येक वेळी कमी वेगावर जोडतं.

आज मात्र उलटं बघितलं. खालच्या गल्लीत फोन पूर्ण मेलेला, डायलटोन नाही, आणि मोडेमवर नेट चालू! घरची मुलगी म्हणाली, ‘दादा, फोन बंद हाय म्हणून तक्रार करू नका, तो नीट करायला आले की नेट घालवतील.’ तंत्रज्ञानं डीपी उघडला तर जोडीतली एक तार गंजून सुटलेली. फोनला पूर्ण वर्तुळ लागतं, एक तार तुटली की संपलं. वरच्या वारंवारतेचा सिग्नल मात्र तुटलेल्या टोकाच्या आसपासच्या धारितेवरून उडी मारून काही प्रमाणात पलीकडे पोचतो. वेग रडका, पण जिवंत. तार जोडल्यावर वेग चौपट झाला. मुलगी खजील झाली, आई खूश.

३ जुलै

वीज नाही. रस्त्यावर पाणी. काम नाही.

पाऊस लावणीला लागला की पोरंही शेतात. नकाशा कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

२२ जुलै

विजेच्या कडकडाटात एक्सचेंजच्या गावात बरेच मोडेम गेले. एमडीएफवर प्रत्येक जोडीला संरक्षक नळी असते, ती एक्सचेंजचं यंत्र वाचवते. घराच्या टोकाला असं काही बहुतेकांकडे नाही आणि मोडेम एका बाजूनं विजेच्या, दुसऱ्या बाजूनं टेलिफोनच्या तारेला बांधलेला. आकाश भरून आलं की दोन्ही काढून ठेवा, एवढं वाचनालयाच्या फळ्यावर लिहिलं.

आणखी एक. जुने लोक अजून म्हणतात, ‘लाइट गेली तरी फोन चालायचा.’ बरोबर, त्याला वीज एक्सचेंजकडून तारेतूनच मिळायची. इंटरनेटच्या डबीला ती मिळत नाही, आणि फायबरच्या काचेतून तर वीज जातच नाही. घरात छोटी बॅटरी ठेवल्याशिवाय पावसाळ्यातलं ‘घरगुती इंटरनेट’ हे अर्ध्या दिवसाचंच.

२४ ऑगस्ट

गणपतीची गडबड. पुण्याहून, गोव्याहून पोरं आली आणि प्रत्येकाला घरून काम करायचं आहे. एक्सचेंजच्या गावात फायबर देणाऱ्या स्थानिक केबलवाल्याकडे रांग. तो म्हणतो, अर्ज द्या, दसऱ्यानंतर बघू. आमच्या नकाशाची प्रत मागितली त्यानं. दिली, बदल्यात त्याच्या फायबरची वाट आम्हाला दाखवायची या बोलीवर.

१४ सप्टेंबर

केबलवाल्याची वाट आणि आमचा तांब्याचा नकाशा एकावर एक ठेवले. बघण्यासारखं आहे. फायबर जवळजवळ जुन्या मोठ्या केबलच्याच रस्त्यानं जातं, फक्त जमिनीखालून नाही तर विजेच्या खांबांवरून. जिथं पिलर होता तिथं किंवा त्याच्या पुढच्या खांबावर स्प्लिटर, म्हणजे एका काचेतला प्रकाश अनेक घरांना वाटणारी डबी.

फायबरमध्ये अंतराची भीती तांब्यासारखी नाही. जीपॉन, म्हणजे एकाच काचेवरून अनेक घरं जोडायच्या, पद्धतीत एक्सचेंजपासून वीस किलोमीटरपर्यंतची घरं धरतात. प्रकाश किती घटला ते डेसिबलमध्ये मोजतात, आणि काचेत किलोमीटरला अर्धा डेसिबलसुद्धा जात नाही. खर्च होतो तो वाटणीत. पाटाचं पाणी वाफ्यांत सोडावं तसा एकच प्रकाश स्प्लिटरमध्ये बत्तीस घरांना वाटला, की प्रत्येकाच्या वाट्याला येईपर्यंत सतराएक डेसिबल गेलेले असतात. एकूण मुभा अठ्ठावीस डेसिबलची. उरलेलं सांधे, जोडण्या आणि वळणं खातात. मधल्या गावात एका घरी प्रकाशाचा मीटर लावला तर उणे सव्वीस, म्हणजे काठावर. खिडकीच्या चौकटीत काच घट्ट वाकवून वर खिळा ठोकलेला. खिळा काढला, मोठं वळण दिलं, उणे वीसवर आलं. घरमालक म्हणाले, एवढ्यासाठी महिनाभर भांडलो काय?

तांब्यात आपण ‘किती लांब’ असं विचारायचो. फायबरमध्ये ‘कितव्या स्प्लिटरवर आणि जागा आहे का’ असं विचारावं लागेल. नकार मात्र लोकांना त्याच शब्दांत येणार: ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’. म्हणून आमच्या अर्जाच्या नमुन्यात खाली तीन ओळी छापून घेतल्या. कोणत्या खांबावरून? स्प्लिटरमध्ये जागा शिल्लक आहे का? नसेल तर कधी होणार? नमुना मराठीत आणि कन्नडमध्ये, कारण पंचायतीत कन्नड लागतं आणि घरी मराठी.

२१ सप्टेंबर

पंचायतीच्या कार्यालयात भारतनेटची पेटी आहे, दिवा हिरवा. समोरच्या घरात नेट नाही. यावरून सदस्यांना टोमणे बसतात. त्यांच्या बाजूनं एवढं सांगायला हवं, की २०११ मध्ये मंजूर झालेल्या त्या योजनेचं मूळ ध्येयच ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेणं हे होतं. पंचायतीपासून घरापर्यंतचं शेवटचं अंतर दुसऱ्या कोणी तरी कापायचं होतं. त्या पेटीतून घरं जोडता येतात, पण कोणी तरी खांब, काच आणि माणूस लावला तर. केबलवाला पेटीच्या मागच्या वाटेचा विचार करतो म्हणाला, बघू.

१२ ऑक्टोबर

सीमेकडची वस्ती. ओढ्यापलीकडे चंदगड तालुका, महाराष्ट्र. तिकडचा कोड ०२३२०, इकडचा ०८३३६. मोबाइलला बहुधा पलीकडचा टॉवर लागतो, म्हणून लोकांना वाटतं तिकडचं फायबरही इकडं सहज येईल. अंतर खरंच कमी आहे. पण तारेची व्यवस्था सर्कलप्रमाणे, म्हणजे टेलिफोनच्या विभागांप्रमाणे, आखलेली, इकडे कर्नाटक, तिकडे महाराष्ट्र आणि गोवा. खांब वेगळ्या वीज कंपनीचे, पंचायत वेगळी, रस्त्याची परवानगी वेगळ्या राज्याची. रेडिओला ओढा दिसत नाही, तारेला दिसतो. इथल्या चार घरांची टेलिफोनची जोडीही पूर्वी ओढ्याच्या अलीकडून, रानाला वळसा घालूनच यायची. आप्पा म्हणाले, ‘वळसा घातला म्हणून तर ह्यांना कधी नीट मिळालं नाही.’

मार्ग-हक्काचे, म्हणजे तार आणि खांब टाकायच्या परवानगीचे, नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत, अर्ज पोर्टलवरून करायचे असतात. पण चार घरांसाठी दोन राज्यांत अर्ज करायला कोणता केबलवाला बसणार? या वस्तीसाठी आपल्याच बाजूनं, नव्या खांबांचा हिशेब केला. परवडत नाही असं स्पष्ट लिहिलं, आशा दाखवली नाही.

९ नोव्हेंबर

रानाकडचं गाव. भीमगड अभयारण्याच्या बाजूला. तांबं इथपर्यंत आलंच नाही, डब्ल्यूएलएलचे दोन फोन होते तेही बंद होऊन जमाना झाला. जंगलातून खांब किंवा चर म्हटलं की वन खात्याची परवानगी, आणि ते बरोबरच आहे. रस्त्याच्या कडेनं विद्यमान विजेच्या खांबांवरून काच नेता येईल का, हा एकच प्रश्न त्यांच्याकडे लावला आहे.

तोपर्यंत दुसरा विचार. मधल्या गावच्या शाळेच्या टाकीवरून रानाकडच्या गावातलं देऊळ दिसतं, झाडांच्या शेंड्यांवरून. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली उपकरणं २०१८ पासून परवान्याशिवाय लावता येतात. दोन टोकांना दोन डिश, मधे सरळ नजर. फक्त ‘दिसतं’ एवढं पुरत नाही, त्या रेषेभोवतीची जागाही बरीच मोकळी लागते, नाही तर ऐनाचं झाड पालवलं की उन्हाळ्यातली जोडणी पावसाळ्यात बंद. शिडीवर चढून बघितलं. एका झाडाचा शेंडा आड येतो. देवराईतलं झाड आहे, तोडायचा प्रश्न येत नाही. डिशचा पाईप उंच करायचा.

मग ते नेट गावात कसं वाटायचं? पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची सरकारी व्यवस्था डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. तिच्यात दुकान किंवा वाचनालय सार्वजनिक वायफाय केंद्र होऊ शकतं, वेगळा परवाना लागत नाही, फक्त नोंदणीकृत मध्यस्थाशी जोडून घ्यावं लागतं. देवळाशेजारच्या वाचनालयाच्या शाखेत हे करायचं. घरोघर नाही, पण देवळाच्या पारापर्यंत तरी.

७ डिसेंबर

पूर्वेकडच्या शिवारात ऊसतोड झाली आणि पाला पेटवला. खांबावरून खाली झुकलेली फायबर वितळली, एका रेषेवरची सगळी घरं बंद. तांब्याची केबल जमिनीखाली होती तेव्हा पाल्याची आग लागत नव्हती, उलट रस्ता रुंदीकरणाच्या यंत्रानं ती दोनदा तोडली होती. वर घातली तर जाळ, खाली घातली तर जेसीबी.

शेतकऱ्यांशी बोललो. कोणाला मुद्दाम जाळायचं नसतं, तोडीच्या टोळीला काच कुठून जाते हे ठाऊक नसतं. ठरलं असं: जिथं काच शेतावरून जाते त्या खांबांना तांबडा पट्टा मारायचा, तोडीचा मुकादम आला की त्याला दाखवायचा आणि पेटवायच्या आधी केबलवाल्याला फोन. रंगाचा खर्च वाचनालयाचा, केबल वर ताणायचं काम केबलवाल्याचं. मधल्या गावाकडच्या शेवटच्या तीन खांबांची उंची कमी आहे, तिथं ताणून भागणार नाही. त्यासाठी हेस्कॉमच्या, म्हणजे इकडच्या वीज कंपनीच्या, विभागीय कचेरीत अर्ज तयार केला, नकाशा जोडला. आप्पा त्यावर सही करायला तयार आहेत, पण शुद्धलेखन आधी मास्तरांनी बघावं असं त्यांचं म्हणणं.